घराची घडी आणि शरीराची सवय

भारतातील ४९.४ टक्के प्रौढ पुरेशी शारीरिक हालचाल करत नाहीत, असे ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये २०२४ साली आलेल्या जागतिक अभ्यासाने दाखवले. हा आकडा २०२२ सालचा आहे. २००० साली तो २२.३ टक्के होता. पुरेशी हालचाल म्हणजे आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची, म्हणजे रोज जेमतेम २२ मिनिटे भरभर चालण्याइतकी. तेवढेही निम्म्या देशाला जमत नाही. दुसरीकडे, आयसीएमआर-इंडियाब पाहणीच्या २०२३ सालच्या अहवालानुसार देशात दहा कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. याच काळात आरोग्याविषयीचे बोलणे काही कमी झालेले नाही. २९ ऑगस्ट २०१९ रोजी ‘फिट इंडिया’ मोहीम सुरू झाली, मनगटावरची घड्याळे पावले मोजू लागली आणि व्हॉट्सॲपवर रोज पहाटे कोणी ना कोणी कोमट पाण्याचे गुण सांगतेच. माहिती उदंड आहे. खोट दुसरीकडे आहे. हे सारे सल्ले एकट्या माणसाला उद्देशून दिलेले असतात आणि माणूस तर घरात राहतो. तो काय खातो, किती वाजता झोपतो, सकाळचा अर्धा तास त्याच्या हाती लागतो की नाही, हे घरातल्या बाकीच्यांवर अवलंबून असते. म्हणून कुटुंबातली माणसे एकमेकांना निरोगी, चालत्याफिरत्या आयुष्याकडे खरोखर नेतात का, आणि नेत असतील तर कशाच्या बळावर, हे तपासायला हवे. गेल्या चार दशकांतला पुरावा एकत्र ठेवून पाहिला, तर माझ्या मते उत्तर असे निघते: नेतात, पण सांगून नेत नाहीत. घरातला वेळ, स्वयंपाक आणि कामाची वाटणी यांची घडी बदलली की सवयी बदलतात. घडी तीच ठेवून केलेला उपदेश वाया जातो.

सुरुवात मुलांपासून करू, कारण या विषयावरचा जुना आणि वारंवार सांगितला जाणारा अभ्यास त्यांच्यावरचा आहे. अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम येथे चार ते सात वर्षांची मुले आणि त्यांचे आईवडील यांच्या अंगावर हालचाल मोजणारी यंत्रे लावून संशोधकांनी नोंदी घेतल्या. १९९१ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आई हालती-चालती असेल तर मूल तसे असण्याची शक्यता दुप्पट निघाली, वडील असतील तर साडेतीन पट आणि दोघेही असतील तर ५.८ पट. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की इथे कोणी कोणाला विचारले नव्हते. आईवडील मुलांना काय सांगतात याची नोंद नव्हती, ते दिवसभरात किती हलतात याची होती. मराठीत ‘आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार’ म्हणतात, ते इथे अक्षरशः मोजून दाखवल्यासारखे झाले. पण एवढ्यावर निकाल देणे घाईचे ठरेल. नमुना शंभरेक मुलांचा होता, आणि आईवडील व मूल यांच्यात साम्य आढळले म्हणजे एकाने दुसऱ्याला प्रेरणा दिली असे सिद्ध होत नाही. घराजवळ बाग असेल तर दोघेही चालतील. घरात वाहन नसेल तरीही दोघेही चालतील. साम्याला निदान तीन कारणे असू शकतात: रक्त, भोवताल आणि प्रभाव. आपल्या प्रश्नाचा संबंध तिसऱ्याशी आहे, म्हणून आधीच्या दोहोंचा हिशेब चुकता केल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

रक्ताचा दावा मोठा आहे आणि तो हसण्यावारी नेता येणार नाही. ‘खाण तशी माती’ या म्हणीच्या बाजूने उभा राहणारा भक्कम पुरावा १९८६ साली डेन्मार्कमधून आला. दत्तक दिलेल्या ५४० व्यक्तींचे प्रौढपणीचे वजन स्टंकार्ड आणि सहकाऱ्यांनी तपासले. त्याचे नाते जन्मदात्या आईबापांच्या वजनाशी स्पष्ट दिसले. ज्यांनी वाढवले त्यांच्या वजनाशी काहीच दिसले नाही. हे वाचून कोणीही म्हणेल, मग घराला विचारतो कोण? पण वजन आणि हालचाल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हालचालीबाबत नेदरलँड्समधील जुळ्यांचा २००५ सालचा अभ्यास फार उपयोगाचा आहे. १३ ते २० वर्षे वयाच्या अडीच हजारांहून अधिक जोड्यांमध्ये खेळातला सहभाग मोजला गेला. १३ ते १६ या वयात मुलामुलांतला फरक ७८ ते ८४ टक्के इतका एका घरात वाढण्यातून आलेला होता, जनुकांचा वाटा जवळपास नव्हताच. सतरा-अठराव्या वर्षी जनुके डोके वर काढतात आणि अठरानंतर तीच वरचढ होतात. तेव्हा फरकाचा सुमारे ८५ टक्के हिशेब त्यांच्याकडे जातो. याचा अर्थ रक्त आणि घर हे एकमेकांचे प्रतिस्पर्धी नसून त्यांच्या पाळ्या आहेत. मूल शाळेत असेपर्यंत पाळी घराची. आपल्याकडे नेमक्या याच वर्षांत, आठवी-नववीपासून, शिकवणीच्या वेळा सांभाळण्यासाठी मुलांचा खेळ बंद होतो. घराचे चालते त्या काळात घर मुलाला खुर्चीत बसवते आणि पुढे विशी-पंचविशीत ‘अंगात आळसच फार’ म्हणून त्याच्या स्वभावाला बोल लावते. जनुकांचा दावा मान्य केला तरी घराची जबाबदारी कमी होत नाही. तिला वयाची मुदत मात्र लागते.

मोठ्या माणसांचे काय? विशेषतः नवराबायकोचे? तिथे रक्ताचे नाते नसते, म्हणून प्रभाव ओळखणे सोपे जाईल असे वाटते, पण तिथली अडचण निराळी आहे. माणसे मुळातच आपल्यासारखा जोडीदार निवडतात किंवा त्यांच्यासाठी घरचे निवडतात. २००७ साली क्रिस्ताकिस आणि फाउलर यांनी फ्रॅमिंगहॅममधल्याच १२,०६७ लोकांच्या ३२ वर्षांच्या नोंदी वापरून लठ्ठपणा माणसाकडून माणसाकडे पसरतो असे मांडले: जोडीदार लठ्ठ झाला तर आपली शक्यता ३७ टक्क्यांनी वाढते, भावंड झाले तर ४० टक्क्यांनी, मित्र झाला तर ५७ टक्क्यांनी. या निबंधाची फार चर्चा झाली. पण पुढच्याच वर्षी दोन अर्थशास्त्रज्ञांनी तशीच पद्धत वापरून मुरुम, डोकेदुखी आणि उंचीसुद्धा मित्रांमध्ये ‘पसरते’ असे दाखवले. उंची कोणाकडून लागण होऊन वाढत नाही. तेव्हा दोष पद्धतीत होता हे उघड झाले. म्हणून ‘सवयी संसर्गजन्य असतात’ हे वाक्य सभा-संमेलनांत कितीही टाळ्या घेत असले तरी आढावा घेणाऱ्याने ते सांभाळूनच वापरावे. त्यापेक्षा भरवशाचा पुरावा इंग्लंडमधील वृद्धत्वाच्या दीर्घकालीन पाहणीतून २०१५ साली आला. ३,७२२ जोडप्यांच्या नोंदींत असे आढळले, की बायकोने त्या काळात धूम्रपान सोडले तर नवऱ्यांपैकी ४८ टक्क्यांनी सोडले. बायको ओढतच राहिली तर फक्त ८ टक्क्यांनी. व्यायामाचेही तसेच: जोडीदार नव्याने हालचाल करू लागला तिथे बैठ्या माणसांपैकी सुमारे दोन तृतीयांश बदलले, तो बैठाच राहिला तिथे सुमारे एक चतुर्थांश. यातली खरी गंमत तिसऱ्या गटात आहे. ज्यांचा जोडीदार पहिल्यापासूनच आरोग्याच्या बाबतीत नेटका होता, त्यांच्यात बदलाचे प्रमाण नव्याने बदलणाऱ्या जोडीदारांच्या घरांपेक्षा कमी होते. घरात आदर्श माणूस असणे पुरेसे नसते. वर्षानुवर्षे पहाटे उठून फिरायला जाणारे आजोबा घरच्यांना भिंतीवरच्या घड्याळासारखे दिसत राहतात. कोणी त्यांच्याबरोबर निघत नाही. दोघांनी एकत्र सुरुवात केली की मात्र घराचा क्रमच हलतो: गजर बदलतो, रात्रीचे जेवण लवकर होते, दूध आणायला गाडीऐवजी पाय लागतात.

तरीही हे सारे निरीक्षणच आहे. प्रयोग काय सांगतात? एक गट कुटुंबासह, दुसरा नेहमीच्या पद्धतीने, अशी चिठ्ठ्या टाकून वाटणी केलेले प्रयोग थोडे आहेत, पण त्यांतले ठळक प्रयोग एकाच दिशेने बोट दाखवतात. अमेरिकेत एपस्टाइन यांनी ६ ते १२ वर्षांच्या स्थूल मुलांवर उपचार केले आणि दहा वर्षांनी, १९९० साली, त्यांची अवस्था प्रसिद्ध केली. ज्या गटात मूल आणि पालक दोघांनाही बदलायला लावले, तिथे मुलांचे जादा वजनाचे प्रमाण दहा वर्षांनंतर ७.५ टक्क्यांनी खाली होते. तुलनेच्या गटात ते १४.३ टक्क्यांनी वाढले होते, आणि फक्त मुलावर लक्ष दिलेला गट मध्ये कुठेतरी होता. इस्राएलमध्ये गोलान यांनी १९९८ साली याहून धीट प्रयोग केला: मुलांना बोलावलेच नाही, फक्त आईवडिलांना शिकवले. त्या मुलांचे वजन थेट उपचार घेणाऱ्या मुलांपेक्षा अधिक उतरले. आपल्याला जवळचा प्रयोग केरळातला. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेतील संशोधकांनी अकाली हृदयविकार झालेल्या रुग्णांच्या ७५० कुटुंबांना हाताशी धरले. रुग्ण बाजूला ठेवून त्याचे जोडीदार आणि सख्खे नातलग यांच्यावर लक्ष केंद्रित केले; डॉक्टर नसलेले प्रशिक्षित आरोग्यसेवक घरी जाऊन तपासणी आणि समुपदेशन करत. रक्तदाब, साखर, वाईट कोलेस्टेरॉल आणि तंबाखू या चारपैकी तीन गोष्टी काबूत आणणाऱ्यांचे प्रमाण दोन वर्षांनी ६४ टक्के झाले. नेहमीच्या पद्धतीने सल्ला मिळालेल्या कुटुंबांत ते ४६ टक्के होते. २०२१ साली प्रसिद्ध झालेला हा निकाल मला या विषयातला सर्वांत वजनदार वाटतो, कारण त्यात सल्ल्याचा पत्ता बदलला होता: तो एका माणसाऐवजी घराच्या नावावर गेला होता. स्कॉटलंडमधील भारतीय आणि पाकिस्तानी वंशाच्या कुटुंबांवर झालेल्या अशाच एका प्रयोगात आहारतज्ज्ञ तीन वर्षांत पंधरा वेळा घरी गेले आणि दोन गटांच्या वजनात सरासरी १.६४ किलोचा फरक पडला. मधुमेह टळण्याबाबत मात्र तिथे ठाम फरक दिसला नाही. परिणाम खरा आहे, पण तो माफक आहे. कुटुंब ही जादूची कांडी असल्याचा दावा कोणी करू नये.

आता हे घडते कसे, ते पाहायला स्वयंपाकघरात जावे लागते. चार माणसांच्या घरात महिन्याला एक किलोची मिठाची पिशवी संपत असेल, तर माणशी रोजचे मीठ आठ ग्रॅमच्या वर जाते. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा पाच ग्रॅमची आहे. पिशवीतले थोडे मीठ भाज्या धुण्यात आणि पाण्यात वाया गेले असे धरले, तरी बाहेरचे फरसाण, वेफर्स, पाव आणि बाजारचे लोणचे या हिशेबात आलेलेच नाहीत. ताटाच्या डाव्या बाजूला बोटभर मीठ, लोणच्याची फोड, तळलेला पापड आणि मिरचीचा ठेचा वाढण्याची आपली रीत लक्षात घ्या, म्हणजे डॉक्टरने रक्तदाबाच्या रुग्णाला ‘मीठ कमी करा’ म्हणून काही होत का नाही ते कळेल. भाजी एकाच कढईत होते. कढई बदलल्याशिवाय एकाचे मीठ बदलत नाही, आणि एकासाठी वेगळे अळणी शिजवले तर तो रुग्ण चार दिवसांत घरातला परका होतो. उत्तर चीनमधील चांगझी शहरात याचे उत्तर शोधले गेले तेही घरातल्या सर्वांत लहान माणसाकडून. २८ प्राथमिक शाळांतून निवडलेल्या साधारण दहा वर्षांच्या मुलांपैकी अर्ध्या शाळांतल्यांना मिठाचे धडे दिले आणि घरी जाऊन स्वयंपाक करणाऱ्याला ते सांगायला लावले. एका सत्रानंतर मोजले तेव्हा त्या घरांतल्या मोठ्या माणसांचे रोजचे मीठ इतर घरांच्या तुलनेत २.९ ग्रॅमने उतरले होते आणि वरचा रक्तदाब २.३ अंकांनी. २०१५ सालचा हा प्रयोग सांगतो, की प्रेरणा नेहमी वरून खालीच वाहते असे नाही. नातवाने आजीला ‘पापड भाजून दे’ म्हटले तर ते ऐकले जाते. तेच सुनेने सांगितले तर त्याला टोमण्याचा वास येतो. कोणी सांगावे, यालाही घराघरांत मान-पान असतो, आणि आरोग्याच्या मोहिमा आखणाऱ्यांना त्याचे भान क्वचितच असते.

याच स्वयंपाकघरात उलटा प्रभावही जन्म घेतो. आपल्याकडे प्रेम वाढण्यातून दाखवायचे असते. पाहुण्याच्या ताटात दुसरी पुरणपोळी पडली नाही तर यजमानाला चुकल्यासारखे वाटते, जावयाने ‘पुरे’ म्हटले की सासू तुपाची धार धरते आणि मुलाने ताटात टाकले तर आजीला वाटते त्याला काही आवडलेच नाही. आग्रह ही मराठी घरांची खासियत आहे आणि ज्या काळात पोट भरण्याची भ्रांत होती, त्या काळात ती मायाच होती. आज साखर आणि तेल स्वस्त झाले, अंगमेहनत उरली नाही, तरी मायेची भाषा तीच राहिली. म्हणून ‘कुटुंब आरोग्याला पोषक असते’ असे सरसकट विधान करता येत नाही. कुटुंब सवयींना बळ देते, मग त्या कोणत्याही असोत. यावर उपाय म्हणून अनेक सुशिक्षित घरांत दुसरे टोक गाठले जाते: चॉकलेट बंद, बिस्किट बंद, बाहेरचे काहीही बंद. लीन बर्च आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लहान मुलांवर केलेल्या प्रयोगांत, समोर दिसणारा पण ठरावीक वेळीच मिळणारा खाऊ मुलांना अधिकच हवासा वाटू लागतो असे १९९९ साली दाखवून दिले. मनाई केल्याने खाऊची किंमत वाढते. त्यापेक्षा खाऊ घरात कमी आणणे आणि आणला तर सर्वांनी मिळून, उघडपणे खाणे हे अधिक टिकाऊ. मुलाला बंदी आणि बाबांच्या कपाटात शेवेचा डबा, हे घर मुलाला शिस्त शिकवत नाही, लपवायला शिकवते.

यापुढचा मुद्दा कामाच्या वाटणीचा, आणि माझ्या मते साऱ्या प्रश्नाचे मर्म इथेच आहे. अगदी सुरुवातीला दिलेला ४९.४ टक्क्यांचा आकडा फोडून पाहिला तर भारतात अपुरी हालचाल असणाऱ्या पुरुषांचे प्रमाण ४२ टक्के आणि स्त्रियांचे ५७ टक्के निघते. यावर ठरलेले उत्तर असे येते: ‘बायका दिवसभर घरकाम करतात, त्यांना वेगळ्या व्यायामाची गरज काय?’ पण या मोजणीत घरकामही धरलेले होते. ते धरूनसुद्धा स्त्रिया मागे आहेत, कारण ओट्यापाशी उभे राहून पोळ्या लाटणे, भाजी चिरणे, डबे भरणे हे काम थकवणारे असले तरी छातीचा ठोका वाढवणारे नाही. पाय दुखतात, दम वाढत नाही. विहिरीचे पाणी ओढणे, जाते फिरवणे, शेतात खुरपणी करणे ही गोष्ट वेगळी होती आणि ज्यांच्या वाट्याला ती आजही आहे, त्यांना विश्रांतीची आणि पोटभर सकस अन्नाची गरज आहे, व्यायामाच्या व्याख्यानाची नाही. शहरातल्या आणि निमशहरी घरातल्या बाईकडे श्रम आहेत पण वेळ नाही. २०२४ सालच्या राष्ट्रीय कालवापर सर्वेक्षणानुसार विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटे घालवतात, पुरुष ८८ मिनिटे. हा दोनशे मिनिटांचा फरक समोर ठेवला की सकाळी सहाला मैदानावर भरभर चालणारा पुरुष कोणाच्या वेळावर चालतो आहे, ते कळते. तो परतेपर्यंत चहा झालेला असतो, मुलांचे डबे भरलेले असतात. त्याच्या आरोग्याला घराने हातभार लावला हे खरेच. पण उलट दिशेने तसा हातभार लागत नाही. ‘तू पण येत जा ना’ ही प्रेरणा नव्हे. ‘उद्यापासून डबे मी भरतो’ ही प्रेरणा आहे, कारण तिच्यामुळे दुसऱ्याच्या दिवसात अर्धा तास मोकळा होतो.

मराठी परंपरेत या बाबतीत काय शिल्लक आहे? पुष्कळ आहे, पण ते सारखे वाटलेले नाही. तालमीचा वारसा बापाकडून मुलाकडे गेला. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव हे पैलवान वडिलांचे पुत्र. त्यांनी १९५२ साली हेलसिंकीत स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक आणले. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कार संस्थानातल्या शाळांत नेले, आणि त्यांचे पुत्र, मुत्सद्दी अप्पा पंत यांनी पुढे सूर्यनमस्कारांवर पुस्तक लिहिले. घरातल्या सवयीचा हा दोन पिढ्यांचा प्रवास. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ साली उभे राहिले, पुण्याचे महाराष्ट्रीय मंडळ १९२४ साली. मुलींच्या वाट्याला मात्र घरातून आलेला व्यायाम बहुधा सणाच्या परवानगीने आला: श्रावणातल्या मंगळागौरीला रात्रभर झिम्मा, फुगड्या, पिंगा. ज्याने एकदा बसफुगडी घालून पाहिली, तो तिला सौम्य हालचाल म्हणणार नाही. मांड्या, पाठ आणि श्वास यांची ती कसोटी आहे. पण ती वर्षातून एखाददोन रात्रींची. याउलट आषाढी वारीत आळंदीहून पंढरपूरपर्यंतची अडीचशे किलोमीटरच्या आसपासची वाट घराण्यांच्या दिंड्या पिढ्यान्‌पिढ्या स्त्री-पुरुष मिळून चालतात. तिथे कोणी आरोग्यासाठी चालत नाही आणि म्हणूनच ते टिकते; चालण्याला घराच्या ओळखीचा आधार असतो. या उदाहरणांतून ‘पूर्वी सारे छान होते’ असा निष्कर्ष काढायचा नाही. एवढेच दिसते, की जी हालचाल घराच्या पंचांगात बसली ती राहिली. जी एकट्याच्या निश्चयावर सोडली ती दर जानेवारीत सुरू होऊन फेब्रुवारीत संपली.

घरावर असा भर देण्याविरुद्धचा सर्वांत गंभीर आक्षेप वेगळाच आहे. टीकाकार म्हणतात, कुटुंबाची थोरवी गाणे म्हणजे सरकारची आणि बाजाराची सुटका करणे. फुटपाथवर दुचाक्या उभ्या असतील, मैदानावर इमारत उभी राहिली असेल, माणूस कल्याणहून चर्चगेटला लोकलने जाऊन-येऊन रोजचे तीन-चार तास घालवत असेल आणि पाच रुपयांत तळलेले पाकीट मिळत असताना फळ परवडत नसेल, तर घराला दोष देऊन काय उपयोग? आक्षेप रास्त आहे. हवा, रस्ते, मैदाने आणि किमती यांचे काम कोणतेही कुटुंब करू शकत नाही. पण यातून कुटुंब बिनमहत्त्वाचे ठरत नाही. मैदान झाले तरी मुलीने संध्याकाळी सहानंतर तिथे जायचे की नाही, हे घरच ठरवते. सार्वजनिक सोय आणि घरातली परवानगी यांपैकी एक नसली तरी दुसरी अडते. शिवाय हा आक्षेप उलटवूनही पाहता येतो. एकट्या माणसाच्या इच्छाशक्तीवर भार टाकणे हीच बाजाराला सोयीची भूमिका आहे, कारण अपयशी एकटा माणूस पुन्हा नवी वर्गणी भरतो. घराला एकक मानले की प्रश्न इच्छाशक्तीचा राहत नाही, वेळेच्या आणि कामाच्या वाटणीचा होतो, आणि तिथून कामाचे तास, पाळणाघरे, रस्त्यावरची सुरक्षितता या सार्वजनिक प्रश्नांकडे जाणारी वाट सरळ आहे. वसतिगृहातला विद्यार्थी, एकटी राहणारी वृद्धा, बदलीच्या गावी खोली घेऊन राहणारा कर्मचारी यांना कुटुंब हाताशी नसते हेही खरे. त्यांच्यासाठी खानावळ, शेजार, ज्येष्ठ नागरिक संघ हेच घराचे काम करतात आणि तिथेही तत्त्व तेच लागू होते: सोबत आणि सोय.

दुसरा आक्षेप स्वातंत्र्याचा. घरच्यांनी कोणाच्या ताटावर आणि कंबरेवर नजर ठेवणे हे प्रेमापेक्षा पहाऱ्याच्या जवळ जाते. सुनेचे वजन, मुलीचा रंग आणि बांधा, निवृत्त वडिलांचा चहा यांवर होणारी टिप्पणी अनेक घरांत आरोग्याच्या नावाखाली चालते. हृदयविकारानंतर पुनर्वसन घेणाऱ्या जोडप्यांवर अमेरिकेत झालेल्या अभ्यासातही आधार आणि नियंत्रण हे दोन वेगळे निघाले. जोडीदाराचे नियंत्रण वाढले तिथे रुग्णाचे आरोग्यवर्तन पुढे खालावले. मुलांच्या बाबतीत तर ‘दंगल’सारख्या चित्रपटांमुळे, कडक पहाऱ्यानेच मुले घडतात, असा आणखी एक गैरसमज पक्का झाला आहे. हरियाणातील बलाली गावच्या महावीरसिंग फोगाट यांनी मुलींना घडवले आणि गीता फोगाट यांनी २०१० साली राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण जिंकले हे असामान्य आहे, पण पदकाकडे जाणारी वाट आणि साठाव्या वर्षी जिना चढता येण्याकडे जाणारी वाट एक नाही. पहिलीला कठोर निवड लागते, दुसरीला कोणीही वगळले जाणार नाही अशी सवय. घरात वापरायचा निकष म्हणून एवढे पुरे: आपण जे सुचवतो आहोत, त्यासाठी आपल्यालाही काही बदलावे लागते का? लागत असेल तर तो आधार. फक्त समोरच्यालाच बदलावे लागत असेल तर तो पहारा, आणि त्यावर ‘लोकां सांगे ब्रह्मज्ञान’ ही म्हण लागू व्हायला वेळ लागत नाही.

या साऱ्याचा व्यवहारात अर्थ काय निघतो? आरोग्यव्यवस्थेसाठी असा, की सल्ल्याचा पत्ता बदलायला हवा. आज आशा सेविका तीस वर्षांवरील प्रत्येकाचा असंसर्गजन्य आजारांसाठीचा तपासणी अर्ज भरते. त्यात त्या व्यक्तीची कंबर, तंबाखू, दारू, हालचाल आणि आईवडिलांचा आजार यांची नोंद होते. घरातल्या तिन्ही-चारी माणसांचे अर्ज सुटे राहतात. ती दारात पोचलेलीच असते. तिला घराशी एकत्र बोलायला शिकवणे आणि त्याचा वेगळा मोबदला देणे एवढेच उरते, आणि केरळच्या प्रयोगाने त्याचे फळ दाखवले आहे. डॉक्टरांसाठी असा, की साखरेच्या रुग्णाला आहाराचा कागद देताना स्वयंपाक करणाऱ्या माणसाला समोर बसवावे. शाळांसाठी असा, की आठवीनंतर खेळाचा तास गिळू देऊ नये, कारण घराचा प्रभाव ओसरण्याआधीची ती शेवटची दोन-चार वर्षे आहेत. आणि घरांसाठी असा, की कोणाला व्यायामाला लावायचे असेल तर आधी त्याच्या किंवा तिच्या अंगावरचे कोणते काम आपण उचलू शकतो, हे ठरवावे. ज्या घरात हा प्रश्न विचारला जातो, तिथे प्रेरणेची भाषणे लागत नाहीत. जिथे विचारला जात नाही, तिथे घरातल्या एकाचे आरोग्य दुसऱ्याच्या वेळेतून वजा होत राहते, आणि वजाबाकीची ती रक्कम बहुतेक वेळा स्त्रीच्या खात्यावर पडते.